खाडीत गेलेल्या सर्किटबाबत

मी, आफरा मोहम्मद मुकादम, वय २१, शिक्षण चालू (इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, शेवटचं वर्ष), राहणार जेट्टीजवळ, दिघी, समक्ष हजर राहून सांगते की,

मी आई शहरबानू हिच्यासोबत राहते. अब्बा कतारला असतात. आज कॉलेजात माझ्या प्रोजेक्टची परीक्षा होती. पास झाले तर पुण्याला नोकरीला जायचं, नापास झाले तर शिक्षण बंद, असं घरात ठरलं होतं. मला पुण्याला जायचं होतं.

प्रोजेक्ट म्हणजे नखाएवढी पायझो मोटर चालवणारं सर्किट. ते बॅटरीचा विजेचा दाब वाढवून मोटरमधल्या चकतीला झपाझप ठोके देतं, चकती थरथरते आणि दांडी सरकते. ठोके कमी केले की मोटर बारीक किरकिरते. खाऱ्या हवेने वायरींचे टाके हिरवे पडतात, म्हणून मी ते जेवणाच्या डब्यात बसवलं होतं. मोटर कॉलेजातल्या सरांची होती, एकुलती एक.

फेरीबोटीत पिशवी खाली गाड्यांजवळ ठेवून मी वर जाऊन बसले. कोणाची तरी गोणी लागून बटण दाबलं गेलं असावं. पिशवी किरकिरते असं एक मावशी म्हणाल्या. कोणीतरी डबा उघडला, आत वायरी आणि बॅटरी दिसली, तशी माणसं पांगली. बोटीवर दोर बांधणारा कैस हा माझा सख्खा मामा. डबा माझा हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तो उचलून खाडीत फेकला.

मी खाली पोचले तेव्हा त्याने माझा हात घट्ट धरला. तो म्हणाला, "घाबरू नको. तू बोटीवर हायस, येवढंच डोक्यात आलं, आन् दिला फेकून."

मला त्याचा भयंकर राग आला, पण मी हात सोडवून घेतला नाही. डबा माझा होता हे शेवटी सांगावं लागलं. तो दोरांवर बसला तो उठलाच नाही. कॉलेजातून फोनवर सांगितलं की, सर्किट चालताना पाहिल्याशिवाय गुण देता येत नाहीत.

मामूविरुद्ध माझी तक्रार नाही. डबा वाजत होता असं बोटीवरची सगळीच माणसं सांगतात. वाजत होता म्हणजे सर्किट चालू होतं, एवढं कॉलेजसाठी लिहून द्या, अशी मी ठाण्यातल्या साहेबांना विनंती केली. तसं लिहिता येत नाही, असं कळलं. "संशयास्पद आवाज" असं लिहिलं आहे.

जबाब मला वाचून दाखवला. तेवढे दोन शब्द सोडून बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.