कपाळावरची झुलपं

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघता बघता पार्लरवाल्या मावशींचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले.

“खा अजून चॉकलेटं! कपाळ बघ, मुरुमांनी नुसतं भरलंय.”

“आई, महिनाभर चॉकलेट तोंडाला लावलेलं नाहीये मी.”

मावशींना राहवेना. “गालावर एकही नाही गं तुझ्या?”

“नाही. फक्त कपाळावर.”

“मग ही झुलपं पुढे कशाला?”

“मुरुमं झाकायला.”

“आणि एवढं तेल?”

“ते मीच लावते हो,” आई म्हणाली. “रोज, चांगलं चोपडून. हिला मेलीला कसली काळजी!”

“झुलपांवरचं तेल उतरतं कुठे?”

आईने लेकीच्या तेलकट कपाळावरून बोट फिरवलं. मग तिने स्वतःच्या केसांतली पिन काढली.

“सरक इकडे. झुलपं मागे घेते. आणि... जाताना चॉकलेट घेऊ.”