वास आला की दार लावायचं

नाय, नाय, ढकलू नका! खांदा निखळेल तुमचा, दार नाय हलणार. लाकूड हाय, पावसात फुगणारच! तुमी आपले बाहेर ओट्यावर बसा, मी आतून बोलतो. खिडकीला गज हायत, नायतर तुमच्या शेजारी येऊन बसलो असतो...

आधी लोखंडी होतं हो! मालक धर्माजीशेठ, काय तो तोरा, "चोराचा बाप आला तरी फोडणार नाय!" खरं बोलला. चोर आलाच नाय. पण एप्रिलचं ऊन आलं ना! दार पश्चिमेला, डोक्यावर पत्रा, दुपारी पत्रा असा तडतडायचा की वाटावं वर माकडं नाचतायत, आणि दार चौकटीत गच्च! शेठला सांगावं तर, "अरे, लोखंड हाय, फुगणारच! संध्याकाळी आकसतं ना? मग?" म्हणून आमच्या चाळीचा नेम, दुपारी दार लावायचं नाय, मध्ये वीट ठेवायची.

पण बोईसरात दुसराही नेम हाय ना! केमिकलच्या कंपन्यांकडून वास आला की कोणतरी बोंबलतं, "वास आला रे!" आणि धडाधड दारं-खिडक्या बंद. आता तुमीच सांगा, ऊन आणि वास एकदम आले तर माणसानं करायचं काय?

एका दुपारी आले, आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, वीट काढून दार-खिडकी लावून घेतली. दम्याचा माणूस हो, काय करणार?

मी कामावरून येतो तर आतून ठकठक, बाहेर सगळी चाळ! समोरची रूपाली म्हणते, "पाणी मारा!" मारलं, चर्र झालं, संपलं. शेजारचा बिहारी, "भैया, लात मारो, लात!" मारली, पाय भाजला! कोपऱ्यावरच्या देवूनं फटीत पहार घातली, दाराचा पत्रा वाकला, दार तिथंच. आणि शेठ फोनवर, "तोडू नका हां! लोखंड हाय, फुगणारच!" त्यातून तात्या आतून काय म्हणावेत? "अरे... घाई कशाला... संध्याकाळी उघडेल आपोआप..." हसलो आमी. खरंच हसलो.

मग ठकठक थांबली.

इथल्या जवळच्या माहीमची मंदामावशी मासळी विकत आली होती. तिनं पापलेटं मातीत ओतली आणि टोपलीतला बर्फ दोन्ही हातांनी दाराला घासत सुटली. टक् झालं. उघडलं! तात्या दाराला टेकून बसले होते, ते माझ्या पायांवरच पडले. अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाय. मावशीनं उरलेला बर्फ छातीवर ठेवला, बघता बघता पाणी झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत तात्या गेले. फार वाईट वाटतं हो... अजून वाटतं.

दहाव्याला शेठ आला, डोळे पुसले, म्हणाला, "आता लाकडी बसवतो." बसवलं! ओल्या लाकडाचं, स्वस्तातलं. सकाळी फोन केला तर, "अरे, लाकूड हाय, फुगणारच! दिवाळीपर्यंत सुकेल."

कोण बोंबललं? वास आला? मग तुमी पळा, पळा, घरी जाऊन दारं लावून घ्या... माझं काय, माझं लावलेलंच हाय.