हिची राहिलेली मालिका

...नाही, पण मला एक सांगा, चालत्या बॉक्सला हात लावायची गरज काय होती? बरा चालला होता की! म्हणजे अधूनमधून अडखळायचा, चित्राचे चौकोन-चौकोन व्हायचे, तापायचा, पण वय झाल्यावर कोण अडखळत नाही? मी जिन्यात धापा टाकत थांबतो, म्हणून माझ्या जागी कुणी नवा आणलाय का? पण आमचा जावई! देवमाणूस हो, त्याच्याविरुद्ध मी ब्र काढणार नाही, पण त्याला जरा कुठं काही कुरकुरलं की नवंच लागतं. फोनवर म्हणाला, "बाबा, तुमचा सेट-टॉप बॉक्स अगदी म्हातारा झालाय, मी नवीन बुक केलाय. उद्या माणूस येईल, तुम्ही फक्त दार उघडा." फक्त दार उघडा म्हणे! अहो, उघडलं आणि तिथंच माझा घात झाला.

आता तुम्ही म्हणाल, एका डबड्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तर त्या डबड्यात काय होतं ते ऐका. त्यात हिची मालिका होती. आमची ही, म्हणजे बायको, लेकीच्या बाळंतपणाला गेली ना, त्या दिवशी आम्ही दोघं रेकॉर्ड केलेला भाग बघत बसलो होतो. आमच्या घरात एक नियम आहे. पुढचा भाग एकट्यानं बघायचा नाही. तिनं नाही, मी नाही. एक पेंगायला लागला की दुसऱ्यानं थांबवायचं. बाकी भांडणं सतराशे साठ झाली, पण हा नियम कधी मोडला नाही. तर नायिकेनं दाराच्या कडीला हात घातला, आता उघडणार, आणि नेमका खाली टॅक्सीचा हॉर्न! ही उठली, पर्स शोधली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि जिन्यातून ओरडली, "अहो, थांबवून ठेवा हं ते! मी आल्यावर बघू!"

थांबवलं मी. तुम्हाला सांगतो, तेव्हापासून ती बाई कडीला हात लावून उभी.

कारण ही येतेय कुठं? आधी म्हणाली, बाळ जरा बाळसं धरू दे. मग बाळाला सर्दी. मग लेकीचं ऑफिस सुरू झालं. मग म्हणे दात येतायत. अहो, दात काय, एकामागून एक येतच राहणार! बत्तीस आहेत ते! आणि इकडे रोजचा भाग येतोय, बॉक्स बिचारा इमानेइतबारे भरून ठेवतोय, आणि एक दिवस पडद्यावर अक्षरं आली, 'जागा शिल्लक नाही.' मग काय करता? माझ्या मॅच पुसल्या. गळ टाकून मासे पकडणाऱ्या माणसाचे कार्यक्रम होते, फार जीव होता माझा त्यांच्यावर, तेही पुसले. हिच्या एका भागाला धक्का लावला नाही. का? मी आल्यावर बघू, असं म्हणून गेलीय ना बाई!

आणि खरं सांगू? ती मालिका मला मुळीच आवडत नाही. एक जण बोलतो आणि बाकीचे सगळे एकेक करून दचकतात, ही काय मालिका झाली? पण ही शेजारी बसून त्या खलनायिकेला शिव्या घालते ना, "अगं मेले, पाय मोडतील तुझे," ते ऐकायला मला आवडतं. तेच तर राहिलंय. शिव्या घालायला माणूसच नाही घरात!

तर तो बॉक्सवाला आला. चांगला टक्कल पडलेला, पोक्त माणूस, पण बोलत होता असा, जणू मला विमानच विकतोय. "काका, आता मजा आहे तुमची! चार चॅनेल एकदम रेकॉर्ड होतात!" म्हटलं, बघायला डोकी किती आहेत ते तर बघा घरात! पण ऐकतोय कोण? तो गेला गच्चीवर डिश हलवायला आणि तिथून ओरडतो, "काका! टीव्हीवर काय आलंय?" मी खिडकीतून ओरडलो, "विचारतंय, नवीन कार्ड चालू करायचं का?" "मग हो करा की!" आणि मी, मी शहाण्यानं, दाबलं हो. माझ्या ह्या हातानं!

तो खाली आला. मी म्हटलं, "बरं, आता जुन्यातलं रेकॉर्डिंग नव्यात घाला." तो म्हणाला, "ते नाही येत, काका."

"नाही येत म्हणजे?"

"नवं कार्ड चालू झालं की जुनं बंद. जुन्या बॉक्सवर काही दिसत नाही आता. तो आम्ही परत घेऊन जातो."

"अहो, पण त्यात हिची मालिका आहे!"

"मोबाईलवर मिळतं हो सगळं!"

मोबाईलवर! मोबाईलवर दोघं शेजारी बसून कसं बघणार? मी तो बॉक्स मांडीवर घेऊन बसलो. अजून गरम होता हो. तो एका बाजूनं ओढतोय, मी दुसऱ्या बाजूनं धरलाय, "काका, सोडा," "नाही सोडत," "काका, मला पुढं अजून तीन घरं आहेत..." शेवटी सोडला. त्या माणसाचा तरी काय दोष? पिशवीत कोंबून घेऊन गेला. आणि माझ्या कानात आपलं एकच, मी आल्यावर बघू, मी आल्यावर बघू... आता काय बघणार, कपाळ?

जाताना सांगून गेला, नव्या रिमोटशी बोलता येतं. बटण दाबायचं आणि हवं ते सांगायचं. घरात बोलायला दुसरं होतं कोण? दाबलं बटण. म्हटलं, "ही कधी येणार?" पडद्यावर आलं, 'क्षमा करा, असा कार्यक्रम सापडला नाही.'

बघा! त्यालासुद्धा माहीत नाही!

मग धीर करून फोन लावला. म्हटलं, "अगं, चिडू नकोस, तुझी मालिका गेली सगळी. मी जपून ठेवली होती गं, पण माझ्याच हातानं..." तर ही काय म्हणाली माहितीये? "कुठली मालिका? ती होय! अहो, ती गेल्या महिन्यातच संपली!"

"तुला कसं कळलं?"

"बघितली की! विहीणबाई रोज लावतात. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं असतं, मग मी काय डोळे मिटून बसू?"

विहीणबाई! म्हणजे तिकडे ह्या दोघी मिळून खलनायिकेचे पाय मोडतायत, आणि इकडे मी माझे मासे पुसतोय! असा राग आला, काय सांगू! फोन ठेवूनच देणार होतो, तेवढ्यात हीच हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही खरंच पुढचं काहीच बघितलं नाहीत? इतके महिने?"

"नाही."

"एकही भाग?"

"मी आल्यावर बघू, असं तूच म्हणाली होतीस ना?"

तिकडे बाळ कुरकुरलं, हिनं त्याला थोपटलं, मला फोनवर थोपटल्याचा आवाज आला. मला तिची फार आठवण येते हो. एवढं मोठं घर नाही आमचं, पण हल्ली संपता संपत नाही. मग ती म्हणाली, "बरं, वाईट वाटून घेऊ नका. मी शेवट सांगू का तुम्हाला?"

म्हटलं, "सांग. पण फोनवर नको. इथं येऊन सांग."

हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "बरं. बघते तिकिटाचं."

झालं! तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, त्या नव्याकोऱ्या बॉक्सला मी हातसुद्धा लावलेला नाही. वर फडकं टाकून ठेवलंय. जावई रोज विचारतो, "बाबा, चित्र कसं दिसतं?" मी म्हणतो, "झकास!" आता त्याला काय सांगू? एकच मालिका सगळीकडे पुन्हा पुन्हा दाखवत असतात मेले, आणि चुकून माकून मला शेवट दिसला, तर ही यायची कशाला?