न पाहता घेतलेला नारळ

बसा मंडळी, बसा! आज काल्याचा दिवस, तुमचं अर्धं लक्ष त्या हंडीकडे आणि अर्धं पंगतीकडे, हे मला कळतंय. बुंदीचा वास मलाही येतोय, मीही माणूसच आहे! पण आज पोटाला थोडा दम धरायला सांगा. कारण आज मी रागात आहे. मृदंगवाले बुवा, असं बघू नका, तुमच्यावर नाही. कुणावर, ते शेवटी सांगतो.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. दिलेला शब्द पाळणं — पुण्य की पाप?

"पुण्य!" — वा! सगळे एका सुरात! टाळ धरताना असा एक सूर लागला असता तर किती बरं झालं असतं! पुण्य म्हणताय ना? पक्कं? मग ऐका. एका बापानं शब्द पाळला, आणि त्या पाळलेल्या शब्दाखाली त्याची लेक चिरडली. आता सांगा, पुण्य की पाप? का हो, गप्प का झालात?

इथून दोन तालुके पलीकडे एक गाव आहे. खडकाळ. तिथं रंगनाथ पठाडे नावाचा माणूस. सरळ, माळकरी, पहाटे उठून काकड्याला येणारा. बायको सोजरबाई. आणि एकुलती एक लेक, कावेरी. नाव कावेरी, पण घरात पाण्याचा ठणठणाट! रंगनाथानं रानात तीन बोअर घेतले. कसे? तुम्ही घेता तसेच! पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, रानभर फिरला. नारळ उभा राहिला, की म्हणाला "इथं पाणी!" तिथं मशीन लावलं. तीनदा लावलं. तिन्ही वेळा काय निघालं? फुफाटा! हसा, हसा! तुमच्या रानात काय गंगा निघाली?

कावेरी बांधावर उभी राहून ते बघायची. तिसऱ्यांदा धूळ उडाली तेव्हा ती नववीत होती. म्हणाली, "आबा, वरच्या नारळाला खालचं कसं कळतं हो?"

रंगनाथ म्हणाला, "ते देवाचं असतं बाळा."

"मग देवानं तीनदा फसवलं का आपल्याला?"

अहाहा! काय विचारलं पोरीनं! त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं — खडकाच्या पोटात काय आहे ते मी शिकणार. भूगर्भशास्त्र! घरात कुणाला तो शब्द धड म्हणता येईना. सोजरबाई म्हणायची, "आमची कावेरी दगडाचं शिकणार." पण बारावीला पोरगी केंद्रात पहिली आली!

आणि इथं आली ती काचेची युनिव्हर्सिटी. नाव घेणार नाही. देवाच्या मंडपात नाव देवाचं घ्यावं. तुम्ही पाहिलीय सगळ्यांनी — कुठं? बोर्डावर! हायवेला, एसटीच्या पाठीवर, सलूनच्या आरशाच्या वर! काचेची बिल्डिंग, पुढं हिरवळ, हिरवळीवर हसणाऱ्या चार पोरी. त्या पोरी तिथं शिकतात की फोटोपुरत्या आणल्या होत्या, कुणी विचारलं? नाही!

त्यांचे साहेब गावात आले. टाय, कोट, डोक्यावर घरचं तेल आणि तोंडात परकी भाषा. म्हणाले, आम्ही गुणवंतांचा सत्कार करणार. मंडप त्यांचा, स्पीकर त्यांचा, चहा त्यांचा. फुकट म्हटलं की आपण विषाचाही दुसरा घोट मागतो! चारशे माणूस जमलं. पोरांना फेटे, बापांना शाल आणि नारळ. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते रंगनाथाला नारळ दिला. साहेब माईकवर म्हणाले, "कावेरीताई आजपासून आमच्या परिवारात आल्या!" धाड धाड टाळ्या!

इथं घात झाला मंडळी. त्या भागात सोयरीक ठरली की काय करतात? नारळ देतात. भरल्या बैठकीत बापानं नारळ घेतला, की पोरगी दिली. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही. रंगनाथाच्या सख्ख्या आत्याचं लग्न असंच झालं होतं. नारळ घेतल्यावर कळलं की नवरा फिट येऊन पडतो. तरी दिली! त्या घरानं तो मोठेपणा पन्नास वर्षं मिरवला. आत्याला कुणी विचारलं नाही.

तर हा बाप घरी आला, नारळ देव्हाऱ्यात ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, "ठरलं. कावेरी तिथंच जाणार."

पोरगी म्हणाली, "आबा, मी अजून पाहिलीही नाही. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातही हा विषय आहे. दोन्ही बघू ना."

"नारळ घेतलाय मी! चारशे माणसात!"

पण सोजरबाई! ती बाई चौथी शिकलेली. अक्कल मात्र गावाला वाटून उरेल एवढी. ती म्हणाली, "लेक द्यायची तर घर बघायला नको का? अहो, म्हैस घेताना तुम्ही धार काढून बघता!" आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन एसटीत बसली.

तिथं काय थाट! गार खोली, गार सरबत, भिंतीवर सिनेमा लावला युनिव्हर्सिटीचा. टायवाले साहेब म्हणाले, "भूगर्भशास्त्राची लॅब आहे आमच्याकडे, अत्याधुनिक!" कावेरी म्हणाली, "बघू द्या." साहेब म्हणाले, "आज चावीवाले रजेवर आहेत." आता बोला!

सोजरबाईनं पदर सावरला, म्हणाली, "मी जरा बाथरूमला जाऊन येते." आणि गेली कुठं? मागच्या बाजूला, मेसमध्ये! सोयरीक बघायला गेलेली शहाणी बाई ओटीवर बसत नाही हो, ती चुलीपाशी जाते. तिथं दोघी जणी पोळ्या लाटत होत्या. ही सरळ त्यांच्याजवळ बसली, लाटणं हातात घेतलं आणि विचारलं, "अक्का, हितं दगडाचं शिकवणारे मास्तर कोण?"

"दगडाचं?" ती पोळ्यावाली हसायला लागली. "अगं, ती शेवटची खोली. दोन वर्सं झाली, मास्तर काय येईना. मग आम्हीच चावी घेतली. मेसचे कांदे ठेवतो तिथं!"

कांदे! अत्याधुनिक लॅबमध्ये कांदे!

हसताय? मला नाही हसू येत. त्या दोघी मायलेकी घरी आल्या, सगळं सांगितलं. रंगनाथानं सगळं ऐकून घेतलं. त्याला खोटं वाटलं असं नाही. खरंच वाटलं. पण म्हणाला, "नारळ घेतलाय ना मी. ज्यांच्या हातून घेतला त्यांनाच विचारतो. ते मोकळं कर म्हणाले, तर मोडतो शब्द."

आणि तो पोरीला घेऊन त्या प्रमुख पाहुण्यांकडे गेला. पाहुणे कोण होते ठाऊक आहे? एखादा आमदार? सभापती? नाही हो!

हा इथं उभा आहे तो! हे हात! ह्याच हातांनी दिला होता तो नारळ!

आता कळलं राग कुणावर आहे? आधी माझ्यावर! मग तुमच्याकडे येतो, सुटका नाही तुमची.

ती दोघं माझ्या दारात आली तेव्हा मी गडबडीत होतो. कार्यक्रमाला निघालो होतो. गाडी दारात उभी होती, आणि खोटं कशाला बोलू — गाडी त्याच युनिव्हर्सिटीची होती! संस्कारांवर बोलायला बोलावलं होतं मला! रंगनाथानं पाय धरले. म्हणाला, "महाराज, तुमच्या हातून नारळ घेतलाय. लेक म्हणते तिथं विषयाला मास्तर नाही. शब्द मोडू का?"

मी काय म्हणालो असेन? छाती काढून म्हणालो, "रंगनाथ, प्राण जावा पण शब्द जाऊ नये!" काय वाक्य! टाळ्याच पडायच्या बाकी होत्या.

पोरगी माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "महाराज, तुम्ही पाहिलीय का ती युनिव्हर्सिटी?"

मी म्हणालो, "नाही गं बाळ, आज पहिल्यांदाच चाललोय. पण — मोठी आहे म्हणतात."

मोठी आहे म्हणतात! लाज वाटते हो मला! मोठं तर वारूळही असतं, म्हणून काय कुणी बिऱ्हाड करतं त्यात? एवढ्या आत्मविश्वासानं मी त्या लेकराचं आयुष्य ठरवलं, आणि त्या दिवशी तिथं गेल्यावर मी काय पाहिलं? स्टेज! शाल घेतली आणि परत आलो. ती शेवटची खोली मी उघडून पाहिली नाही.

कावेरी गेली तिथं. पहिले दोन महिने, सर येतील. पुढचे दोन, सर येताहेत. दिवाळीनंतर सांगितलं — या विषयाला तू एकटीच उरलीस, वर्ग बंद, आता मॅनेजमेंट घे. पोरगी म्हणाली, "मग माझी कागदपत्रं द्या." ती देईनात! पैशाचं मी आज काढतच नाही. पैसा एकवेळ परत येईल, पोरीचं वर्ष कोण आणून देणार? संक्रांतीला घरी आली. लोक काय म्हणाले? "पोरगी टिकली नाही." अरे, पोरगी टिकली नाही? तुमचा कांदा टिकला तिथं!

आणि रंगनाथ? त्यानं काय केलं ऐका. कुणाला न विचारता, मलाही न विचारता, तो एकटा उठला आणि जिल्ह्याच्या त्या सरकारी कॉलेजात गेला. भिंतींचे पोपडे निघालेले. पंखा कुरकुरतोय. हा माणूस टोपी हातात घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सर, मागं बसू का? मला काही कळणार नाही, पण बसू द्या." सरांनी बसू दिलं. दिवसभर बसला! सरांनी टेबलावर दगड हातोडीनं फोडला, तुकडे पोरांच्या हातात दिले. एक तुकडा रंगनाथाच्याही हातात आला. त्यानं तो ओळखला. त्याच्या तिसऱ्या बोअरमधून असलाच भुगा निघाला होता.

वर्ग सुटल्यावर म्हणाला, "सर, माझ्या रानात पाणी कुठं लागेल?"

सर म्हणाले, "पठाडे, जागा पाहिल्याशिवाय मी बोलत नाही."

मंडळी! मृदंग थांबवा जरा. हे वाक्य पुन्हा ऐका. जागा पाहिल्याशिवाय मी बोलत नाही! आणि मी? तीस वर्षं कीर्तन करतोय, गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि मी जागा न पाहता बोललो! आता तुम्हीच सांगा, आमच्या दोघांत साधू कोण?

रंगनाथ बाहेर आला आणि बायकोला फोन लावला. म्हणाला, "सोजर, पोरीला घेऊन ये. मी बघितलं. आता तिला बघू दे. तिला पटलं तर इथं, नाहीतर आणखी पुढं बघू."

आठ दिवसांपूर्वी बाप-लेक माझ्याकडे आले होते. अडवलेली कागदपत्रं शेवटी हातात आली होती, प्रवेश सरकारी कॉलेजात झाला होता. कावेरीनं पिशवीतून एक वस्तू काढली आणि माझ्यापुढं ठेवली. ती मी आज सोबत आणलीय. हा बघा. हा तो नारळ! वर्षभर देव्हाऱ्यात होता. माईक जवळ घ्या. ऐका — खडखड, खडखड! आतलं पाणी आटलं, नुसता गोटा वाजतोय. पोरगी रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "महाराज, पाणी होतं तेव्हाच फोडायला हवा होता."

मी तो उचलला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

आता तुमच्याकडे येतो. त्या टेबलावर हिरव्या कापडाखाली काय झाकलंय? बोला ना! कीर्तनानंतर गुणवंतांचा सत्कार आहे म्हणे, माझ्या हस्ते! एकतीस नारळ आहेत, मी येतानाच पाहिलं. आणि पहिल्या रांगेत कोण बसलंय — तेच काचेच्या युनिव्हर्सिटीचे टायवाले! साहेब, उठू नका, प्रसाद घेऊनच जा! तुमच्यावर माझा राग शेवटचा. तुम्ही तुमचा माल विकताय. आम्ही डोळे मिटून घेतो, त्याचं काय?

अरे, कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून घेता! आणि लेकराची चार वर्षं बोर्ड बघून देता? शेजाऱ्याचा गेला म्हणून देता, बस दारात येते म्हणून देता! सत्काराच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. वर्गात मास्तर आहे का बघा. पोळ्या लाटणारीला विचारा. कुलूप दिसलं तर उघडायला लावा. आणि सगळ्यात आधी त्या लेकराला विचारा — बाळा, तुला काय शिकायचंय? शेजारच्या पोराला जे चांगलं, ते तुझ्या पोरीला चांगलं असेलच असं नाही. आणि मी सरकारी कॉलेजाचं कौतुक केलं म्हणून तिकडे पळू नका! तिथंही एखाद्या खोलीत कांदे निघतील. महाराज म्हणाले म्हणून करू नका. महाराजाचं ऐकून काय झालं ते आत्ताच ऐकलंत!

चला, बारावीची पोरं उठा. पोरीही उठा, पोरी आधी! ते हिरवं कापड काढा. एकेकीनं एकेक नारळ घ्या आणि त्या पायरीवर फोडा. पाणी प्या, खोबरं काल्यात टाका, सगळ्या गावाला वाटा. अरे फोडा, घाबरता काय! ज्याचा प्रसाद झाला त्याचं वचन होत नाही.

फोडलेत? आणखी जोरात फोडा, मागच्या बापांना ऐकू गेलं पाहिजे. आणि हा खडखड्या नारळ मी फोडणार नाही. हा माझ्या पिशवीत राहील. उद्या कुणी मला पाहुणा म्हणून स्टेजवर बोलावलं, की आधी हा वाजवीन, मग तोंड उघडेन. धरा टाळ, मंडळी. विठोबाचं नाव घ्या आणि काला वाटायला घ्या.