दिनकरच्या नावानं दिलेलं रक्त

आमचे आजोबा खानदेशातून इंदूरला आले ते कापडाच्या मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला, वडीलही त्याच मिलमध्ये, आणि मी मधुकर, मी तिथंच दवाखान्यात कंपाउंडर, म्हणजे तीन पिढ्या एकाच गेटातून आत गेलो असं समजा. माझी मराठी तुम्हाला जरा खिचडी वाटेल, घरात मराठी आणि गेटाच्या आत सगळं भिया-भिया करणारी इंदुरी हिंदी, तर वाटू द्या, बोलतो तसंच लिहा.

दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी दिवस मीच. गोळी मी द्यायचो, पट्टी मी बांधायचो आणि सर्टिफिकेटही मीच लिहायचो, डॉक्टरांची नुसती सही. रुईची, म्हणजे कापसाची, धूळ उडते त्या खात्यातली माणसं खोकत यायची, छाती पार भरलेली, आणि मला वरून सांगणं असायचं की साधा खोकला लिही, धुळीचं नाव कागदावर यायला नको. लिहिलं मी. नोकरी होती, लिहिलं. तेव्हापासून सही-शिक्क्याच्या कागदावरचा माझा भरोसा उडाला, कारण तो बनतो कसा ते मला माहीत होतं.

मग मिल बंद झाली. गेटावर नोटीस लागली, पंधरा दिवस काम बंद, आम्ही म्हटलं चला पंधरा दिवस तर पंधरा दिवस, ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. मला अन्नपूर्णा मंदिराकडे एका मेडिकलवर काम लागलं. तेव्हा शहरात सगळं नवंनवं होऊन राहिलं होतं, काचेची दुकानं, फोनचे बूथ, आणि गल्लोगल्ली नर्सिंग होम, त्याच्या खाली पॅथॉलॉजी. काउंटरवर बसून मी बघायचो, दिवाळीला लॅबवाल्यांकडून डॉक्टरांकडे मिठाईचे डबे जायचे, एक नाही, थप्पीच्या थप्पी. उगाच जातात का हो डबे? तुम्हीच सांगा.

आणि अशात मला पेशाबचा त्रास सुरू झाला. उभं राहायचं आणि वाट बघायची, धार बारीक, झालं म्हणून बाहेर यावं तर परत जायचं. आमची बायको सुमन म्हणायची, आत पेपर वाचता का? शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासलं, कसं तपासलं ते विचारू नका, आणि रक्ताची जांच लिहून दिली. पुरुषांना पेशाबच्या थैलीखाली प्रोस्टेट म्हणून ग्रंथी असते, तिची जांच. माझा आकडा आला पाहिजे त्याच्या चौपट. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, कॅन्सर असेलच असं नाही, पण सुईनं तुकडा काढून बघावा लागेल. मी बघून राहिलो, डॉक्टर वर, लॅब खाली, दोघांकडे सोफे एकसारखे, प्लास्टिकची फुलंसुद्धा एकसारखी. म्हटलं अच्छा, तर असं आहे. खरं म्हणजे मी भ्यायलो होतो, पण भ्यायलो म्हणायची लाज वाटते ना, शक करायची वाटत नाही. घरी सांगितलं, गरमीमुळे आहे, धन्याचं पाणी प्यायला सांगितलंय.

मग माझ्या डोक्यात आलं ते ऐका. दुसऱ्या लॅबमध्ये माझ्याच नावानं गेलो तर हे लोक आपसात फोन करून तोच आकडा छापतील. तर आपलं रक्त दुसऱ्याच्या नावानं द्यायचं आणि त्याचं आपल्या नावानं, मग बघू कोण खोटं बोलतं. दुसरा म्हणजे दिनकर. मिलच्या क्वार्टरमध्ये माझ्यापासून तीन घरं पलीकडे, आयुष्यभर लूमवर, आणि लूमच्या खडखडाटानं कान गेलेले. थोडी शुगर सोडली तर माणूस ठणठणीत. मिलपासून माझ्या हातची गोळी न विचारता खाणारा. त्याला म्हटलं, चल, शुगर बघून घे, सोबत ही पण एक जांच करू. चल म्हणाला. फॉर्म मी भरले. आतून पोरीनं दिनकर म्हणून हाक मारली तर त्याला ऐकू कुठं येणार, मीच उठून गेलो. मधुकर म्हणाली तेव्हा त्याला कोपरानं ढकललं, जा. पोरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मी ठरवलेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट आपणच घेऊ. पण दिनकर सकाळीच खजरान्याला गणपतीला गेला आणि येताना स्वतःचा घेऊन आला. मी गेलो तर माझ्या नावाचा तेवढा ठेवलेला. एकदम साफ, म्हणजे दिनकरचं रक्त. मी लॅबच्या पायरीवरच बसलो. चोर पकडायला गेलो होतो आणि चोर कुणी नव्हताच, आकडा खरा होता, फक्त तो दिनकरच्या खिशात गेला होता.

तेव्हाच त्याच्या घरी जायला पाहिजे होतं की नाही? नाही गेलो. चार दिवस नाही गेलो. त्याला सांगायचं म्हणजे ते माझं आहे म्हणायचं, आणि तोंडातून तेच निघेना. पाचव्या दिवशी तोच गल्लीत भेटला, म्हणाला, आपल्या वैशालीचं सांवेरचं स्थळ पक्कं करतो, रविवारी नारळ देऊन येऊ. मी म्हटलं, अरे तो मुलगा पितो म्हणून तूच नाही म्हटलं होतंस. तर म्हणतो, माझं आता काही खरं नाही मध्या, रिपोर्ट बघून डॉक्टरला कॅन्सरचा शक आलाय, डोळ्यांदेखत पोरगी मार्गी लागू दे.

मी त्याच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. काय? म्हणाला. जरा जोरात सांगितलं. काय? मग मी ओरडलो, काय करणार, बोंब मारल्यासारखा ओरडलो, दिनकर, तुझं रक्त चांगलं आहे, ते कॅन्सरवालं रक्त माझं आहे! समोर नळावर बायकांची रांग, सगळ्या वळून बघायला लागल्या. आणि दिनकरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, मला धीर द्यायला इतकं खोटं बोलू नकोस.

दोन्ही कागद दाखवले, तर म्हणे कागद काय, तूच भरलेस. हात धरून परत लॅबमध्ये नेला. या वेळी त्यानं बाटलीवर नाव लिहिताना पोरीचा हात धरायचाच बाकी ठेवला. आकडे आले, माझा तो माझा, त्याचा साफ. सांवेरला नाही म्हणून निरोप गेला आणि दिनकरनं माझ्याशी बोलणं टाकलं.

घरी सुमनला नळावरून सगळं कळलेलंच होतं. हंडा अर्धाच भरून आली, म्हणाली, अख्ख्या गल्लीला सांगितलंत, फक्त मला नाही. मग हंडा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, उद्या सुईची तारीख घेऊन या, मी सोबत येणार आहे.

सुईच्या दिवशी अस्पतालात पोचलो तर बाकावर दिनकर आधीच बसलेला. तुकडे डबीत ठेवले तेव्हा उठून आला आणि डबीवरचं नाव वाचून परत जाऊन बसला. रिपोर्ट यायला दिवस लागले, ते कसे गेले ते विचारू नका. आला, कॅन्सर आढळला नाही. मी डॉक्टरला विचारलं, आढळला नाही म्हणजे नाहीच, का तुमच्या सुईला सापडला नाही? ते म्हणाले, आज सापडला नाही, उद्याचं मी लिहून देणार नाही, दर सहा महिन्यांनी रक्त दाखवत जा. पक्कं आहे म्हणाले असते ना, तर मी विश्वास ठेवला नसता.

आता कित्येक वर्षं झाली. गोळी चालू आहे, आकडा कधी वर कधी खाली. वैशाली देवासला दिली, जावई शाळेत मास्तर, चांगला आहे. सहा महिन्यांनी मी आणि दिनकर सोबतच जातो, रक्त देऊन बाहेर पोहे-जलेबी, त्याची शुगर असून. आणि खाता खाता अजून विचारतो, मध्या, खरं सांग, तेव्हाचं ते रक्त नक्की तुझंच ना? मी मान हलवतो, आता ओरडायची ताकद नाही राहिली. तो माझ्याकडे जरा वेळ बघतो आणि मग जलेबी उचलतो. देव त्याला शंभर वर्षं देवो, आणि मला माझी असतील तेवढी.