निर्वंश माणसाची नात

जमलेल्या सर्वांना नमस्कार. विमलताईंच्या शाळेतल्या बाई, चर्चची मंडळी, कर्वेनगरचे शेजारी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली आमच्या घराण्याची कुलवृत्तांत समिती. मला बोलायला जड जातंय. दुःख आहेच, पण लाज त्याहून जास्त आहे.

मी श्रीपाद. विमलताई माझी चुलत बहीण, जरा लांबची. आमची समिती घराण्यातल्या सगळ्या पिढ्यांची नावं पुस्तकात छापते. प्रुफं मी तपासतो. पहिल्या आवृत्तीत विमलताईच्या आजोबांच्या नावापुढे एकच शब्द छापला होता. निर्वंश. आजोबा ख्रिस्ती झाले होते, एवढंच. त्यांना सहा मुलं होती. तो शब्द मी वाचला, आणि बरोबरची खूण केली.

आता मला सांगा, निर्वंश माणसाची नात वारते कशी?

गेल्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीचं काम निघालं. ताई नारायण पेठेत समितीसमोर आली. रेघांच्या कागदावर एकेचाळीस नावं लिहून आणली होती. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही आपल्याच हो, पण पानं वाढतात." त्याच पुस्तकात समितीच्या सत्काराचे फोटो चार पानं आहेत. शाली नीट दिसायला हव्यात ना.

कागद परत करायला मला पाठवलं. अशा कामाला मीच बरा.

ताई रागावली नाही. चहा ठेवला आणि बायबल उघडलं. येशूची वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका. मी म्हटलं, "अगं, ही तर टेलिफोन डिरेक्टरी!" ती हसली. म्हणाली, "सगळे हे पान उलटून पुढे जातात. मी इथेच थांबते. बघ, ही तामार, हिला सासऱ्यापासून मुलं झाली. ही राहाब, वेश्या. ही रूथ, परक्या मुलखातली. आणि ही उरीयाची बायको. राजानं तिच्या नवऱ्याला मारवलं आणि तिला घरात आणलं. एकीलाही गाळलेलं नाही."

आमच्या समितीच्या हाती ते पान दिलं असतं, तर येशूसुद्धा निर्वंशात जन्मला असता.

मग तिनं शेवटी येशूच्या आईच्या नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. योसेफ. म्हणाली, "श्रीपाद, एवढ्या पिढ्या मोजत इथवर यायचं, आणि मूल योसेफाच्या रक्ताचं नाहीच. त्यानं आपलं म्हटलं, म्हणून ते या घराण्याचं. माझी सगळी श्रद्धा या एका ओळीवर उभी आहे बघ. कुणीतरी आपलं म्हणावं लागतं. देवानं मला म्हटलंय. तू म्हणशील?"

एक ओळ मागत होती ती. मी काय म्हणालो असेन? "समितीला विचारतो."

ती हेच ऐकून गेली. याचं मला फार वाईट वाटतं. जन्मभर वाटेल.

आणि आज इथे येतो, तर दारात भलामोठा फ्लेक्स. 'आमच्या घराण्याच्या भूषण, आदर्श मुख्याध्यापिका.' खाली समितीचे सात हसरे चेहरे. वा! जिवंतपणी पुस्तकात बोटभर जागा नव्हती, मेल्यावर फ्लेक्सवर मिळाली. तिथेही तिचा फोटो अध्यक्षांच्या फोटोपेक्षा लहान.

अध्यक्षमहाराज, घड्याळ बघू नका. संपवतोय.

दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ माझ्या पिशवीत आहे. उद्या प्रेसला जायचंय. 'निर्वंश' मी खोडलाय आणि एकेचाळीस नावं घातली आहेत, माझ्या अक्षरात. समोर ताईची मुलगी बसली आहे, शेजारी दोन नातवंडं. त्यांचीही नावं आहेत. ज्यांना ती काढायची असतील त्यांनी इथे यावं, या मुलांकडे बघावं आणि आपल्या हातानं काढावीत. हे पेन ठेवलं टेबलावर.

या ना.

कुणीच नाही? ठीक आहे. मग उद्या हेच छापलं जाईल.

ताई, तू आमची होतीस. सांगायला उशीर केला.

आता सर्वांनी उठून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. समितीला जड जाणार नाही. आपण चार पिढ्या गप्पच आहोत.