एकोणपन्नास ठोके

सन्माननीय अध्यक्षमहाशय, आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावरची पंचमंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं शिक्षण चौथीपर्यंत. भाषण कागदावर लिहून आणलंय, पण चष्मा चुकीचा आणला. शिवाय मागे चहा निवतोय, तेही इथून दिसतंय. तेव्हा थोडक्यात बोलतो. पण बोलतो. मला कोणी खाली बसवू नये.

एकतीस वर्षं या ख्रिस्तमंदिराची घंटा वाजवली म्हणून तुम्ही मला शाल दिलीत. उपकार आहेत. मानपत्रही दिलंत. त्यात लिहिलंय, ‘निष्कलंक सेवा’. हा शब्द मला मान्य नाही.

सचिवांना मी परवाच सांगितलं होतं. ते म्हणाले, “काका, फ्रेम झाली, काच बसली. आता कुठं काढता? आणि मानपत्र वाचतं कोण?”

“मी वाचतो ना. भिंत माझ्या घरातली आहे.”

“अहो, जुनं कशाला उकरता? या वयात शोभतं का?”

नाही शोभत. तरी सांगतो. थोरांना ठाऊक आहे, तरुणांनी ऐकावं.

मंडळीतलं माणूस गेलं की आपण त्याच्या वयाइतके ठोके देतो. लोक हातातलं काम थांबवून मोजतात आणि कोण गेलं ते ओळखतात. चोवीस वर्षांपूर्वी एका रविवारी मी पिऊन उपासनेला आलो. फाटकापाशी, चारचौघांत माझा थोरला भाऊ म्हणाला, “घंटेचा दोर हातात असतो म्हणून तू उभा दिसतोस. नाहीतर कधीच आडवा झाला असतास.” लोक हसले. मीही हसलो. आणि गुरुवारी भरदुपारी, पुन्हा पिऊन, मनोऱ्यात चढलो आणि दादाच्या नावानं ठोके दिले. एकोणपन्नास.

दादा तेव्हा छापखान्यात कागद कापत होता. धडधाकट.

वहिनी दोन गल्ल्या अनवाणी धावत छापखान्यात गेली. दादाला पन्नास पूर्ण झाली होती, त्याच मंगळवारी. मग ठोके एकोणपन्नास कसे? तिला वाटलं, एक आपल्याच मोजण्यातून सुटला. घंटा खोटं बोलेल, हे कोणाच्या मनातही येईना. घंटेवर केवढा हा विश्वास! आणि तो मी कशाला वापरला?

दादा तसाच मनोऱ्यात आला. मला वाटलं, आता मारतो. त्यानं माझ्या हातातला दोर सोडवला. मग म्हणाला, “एक कमी वाजवलास. मंगळवारी पन्नास झाली मला. सख्खा भाऊ ना रे तू?”

आई मात्र ओट्यापाशी बसली ती बसलीच. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, “एक ठोका राहिला होता. तो पडेपर्यंत माझं लेकरू जिवंत आहे, असं धरून मी बसले होते.”

  

पंचांनी दोर काढून घेतला. बरोबर केलं. चार महिने मी मागच्या बाकावर, चपलांच्या शेजारी बसलो. मग पंचांच्या सभेत दादाच उभा राहिला. “दोर त्यालाच द्या,” म्हणाला. “माझे ठोके त्याच्याकडून अजून यायचे आहेत. या खेपेला नीट मोजून.” दारूही तेव्हापासून सुटली. मी सोडली असं म्हणत नाही. मी दोनदा सोडली होती, तेव्हा ती सुटली नव्हती.

आता सांगा, पाळकसाहेब, कलंक नव्हताच, तर प्रभूनं धुतलं काय? तुम्ही मला निष्कलंक लिहिता आणि त्याची सगळी मेहनत एका शब्दात खाऊन टाकता. मला लबाड म्हणा, दारुडा म्हणा, आईला रडवणारा म्हणा. सगळं खरं आहे, आणि त्यावरही त्यानं मला हाकललं नाही. हीच माझी कमाई. ती मी शालीखाली झाकू?

म्हणून, सचिवसाहेब, रागावू नका. मघाशी तुम्ही हार आणायला गेलात, तेव्हा मी फ्रेमचे खिळे वाकवले, कागद बाहेर काढला आणि तो शब्द खोडला. वर लिहिलंय, ‘क्षमा मिळालेली’. अक्षर वाईट आहे. ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्या. शब्द मात्र परत बदलायचा नाही.

तुम्हा सर्वांचे आभार. दोर आजपासून नव्या माणसाकडे. त्यांना सांगतो, वरची गाठ झिजलीय, आधी ती बदला. फक्त एक काम मी माझ्याकडे ठेवलंय. ते बघा, दादा तिसऱ्या रांगेत बसलाय. चौऱ्याहत्तर पूर्ण. या खेपेला वय विचारून घेतलंय. दादा, हसू नकोस, आणि घाईही करू नकोस.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. माफी मागायची मला लाज नाही. ती मिळते, हे मला ठाऊक आहे.